कारगुजारी घरचीही ऐकावी



जमातीत वेळ लावून परतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळाच तजेला असतो, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. चाळीस दिवस मशिदीत बिस्तर टाकून झोपलेला, पदरचा पैसा खर्चून गावोगाव फिरलेला, कुठे वरण-भात तर कुठे भाकरी-चटणी खाल्लेला माणूस खरे तर थकून यायला हवा. तो ताजा होऊन येतो. आवाज मऊ झालेला असतो, सलाम करण्यात तो पहिला असतो आणि पहाटे त्याला उठवावे लागत नाही.

हा आनंद कुठून येतो, आणि तो किती दिवस टिकतो? पहिला प्रश्न पुरुष विचारतात, दुसरा त्यांच्या घरातल्या स्त्रिया. आमच्या भगिनी अनेकदा म्हणतात, ‘चिल्ल्याहून आले की आठ दिवस घरात रहमत असते. नवव्या दिवशी जेवणात मीठ कमी पडले की पुन्हा तोच आवाज.’ या तक्रारीत दीनच्या कामाबद्दल राग नाही. बाहेर वाटलेल्या आनंदातला आपला वाटा त्या मागत आहेत. या महिन्यात आपण या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करू.

आज आपल्याकडे घराघरांत माहीत असलेले हे काम मौलाना मुहम्मद इलियास कांधलवी (रह.) यांनी दिल्लीजवळच्या मेवातमध्ये १९२६ च्या सुमारास सुरू केले. १८८५ साली जन्मलेले मौलाना १९४४ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. प्रकृतीने किरकोळ आणि बोलताना अडखळणाऱ्या या माणसाने एक साधी गोष्ट ओळखली. शेतात राबणाऱ्या, मजुरी करणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षे मदरशात बसता येणार नाही. पण त्याला काही दिवसांसाठी घर-दुकानाच्या धबडग्यातून बाहेर काढून मशिदीच्या वातावरणात ठेवले, तर तो शिकेल आणि शिकता शिकता दुसऱ्यालाही सांगेल. म्हणून महिन्याचे तीन दिवस, वर्षातले चाळीस दिवस आणि आयुष्यात एकदा चार महिने अशी घडी बसली. कलिमा, नमाज, इल्म व जिक्र, इकराम-ए-मुस्लिम, इखलास आणि दावत ही सहा सूत्रे त्यासाठी पुरेशी मानली गेली.

या पद्धतीत बाहेर पडणारा माणूस उपदेशक म्हणून निघत नाही, तो विद्यार्थी म्हणून निघतो. त्याला पहिल्या दिवसापासून सांगितले जाते, की तू दुसऱ्याला सुधारायला चाललेला नाहीस, तुझी स्वतःची इस्लाह व्हावी म्हणून चालला आहेस. दार दुसऱ्याचे ठोठावायचे आणि ऐकायचे मात्र आपल्याच कानांनी. दहा घरी कलिम्याची गोष्ट सांगणाऱ्याने ती स्वतः दहा वेळा ऐकलेली असते. जमातीतल्या आनंदाचे पहिले कारण आम्हाला इथेच दिसते. उपदेशकाच्या डोक्यावर दुसऱ्याला बदलण्याचे ओझे असते. विद्यार्थ्याचे ओझे हलके असते, त्याला फक्त शिकायचे असते.

जमातीचा दिवस कसा जातो, हे ज्या घरांतले कोणी गेलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सकाळी मशवरा होतो. अमीर साहेब प्रत्येकाचे मत विचारतात, वयाने लहान असलेल्याचेही. मग कामे वाटली जातात. तालीम कोण करील, गश्तीत रहबर कोण, बोलणारा कोण, आणि आज खिदमतीत कोण? खिदमत म्हणजे सगळ्यांचा स्वयंपाक. दोन-तीन साथी बाजारातून भाजी आणतात, कांदा चिरतात, स्टोव्ह पेटवतात, दस्तरखान घालतात आणि भांडी घासतात. दुपारी फजाईल-ए-आमालची तालीम, असरनंतर मोहल्ल्यात गश्त, मगरिबनंतर बयान. रात्री लवकर झोप, कारण पहाटे तहज्जुदसाठी उठायचे असते.

आता आपल्या शहरातून निघणारी एखादी जमात डोळ्यांसमोर आणा. किराडपुऱ्यातला रिक्षाचालक, वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणारा फिटर, शहागंजातला कापडदुकानदार, एखादा निवृत्त शिक्षक आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. एरवी ही माणसे एका ताटात जेवली नसती. कन्नड, सिल्लोड किंवा वैजापूर तालुक्यातल्या एखाद्या छोट्या मशिदीत ती एका ताटाभोवती बसतात. दुकानदार भांडी घासतो आणि रिक्षाचालक अमीर असतो. ज्याच्या घरी पाण्याचा ग्लासही हातात आणून द्यावा लागतो, तो दहा जणांची खिचडी शिजवतो आणि ती करपली तर साथी हसून खातात. माणसाला आपल्या मोठेपणाचे ओझे किती होते, हे ते उतरल्यावर कळते. आनंदाचे दुसरे कारण हे.

शहरातल्या साथींना खेड्यात आणखी एक शिक्षण मिळते. मराठवाड्याच्या खेड्यातला मुसलमान शेजाऱ्यांशी मराठीत बोलतो, शेतीची सगळी भाषा त्याची मराठीच असते. शहरातून गेलेल्या साथीचे उर्दूतले भारी शब्द तिथे चालत नाहीत. मग त्याला साधे बोलायला शिकावे लागते. तौहीद म्हणजे काय, हे कापसाच्या वेचणीवरून नुकत्याच परतलेल्या माणसाला त्याच्या शब्दांत सांगायचे तर आधी ते स्वतःला नीट समजलेले असावे लागते. अनेकांना आपल्या समजुतीतली पोकळी अशा वेळीच दिसते, आणि परतल्यावर ते पुस्तक उघडतात. वाढ होते ती अशी.

तिसरे कारण ऐकायला विचित्र वाटेल. ते म्हणजे नकार. गश्तीत प्रत्येक दार उघडत नाही. कोणी आतूनच ‘घरात कोणी नाही’ म्हणून सांगतो, कोणी हसतो, कोणी म्हणतो की आधी स्वतःचे घर सांभाळा. बोलणाऱ्याला उलट उत्तर द्यायचे नसते. सलाम करून, त्याच्यासाठी मनात दुआ करून पुढच्या दाराकडे जायचे असते. सुरुवातीला अपमान वाटतो. मग हळूहळू कळते की आपले काम पोहोचवण्याचे आहे, मनाचे दार उघडणे अल्लाहच्या हातात आहे. जो माणूस दुकानात गिऱ्हाइकाच्या एका शब्दाने भडकत होता, तो सलग चार दारांवरून रिकामा परत येऊनही शांत राहतो.

या वाटेचे मोठे लोक याच शाळेत शिकले. मक्केतल्या सर्वात देखण्या, सर्वात लाडावलेल्या तरुणांपैकी एक म्हणजे हजरत मुसअब बिन उमैर (रजि.). त्यांचे कपडे आणि अत्तर यांची चर्चा होत असे. इस्लाम स्वीकारल्यावर घरचे सगळे वैभव सुटले. हिजरतीच्या आधी प्यारे नबी (सल्ल.) यांनी त्यांनाच मदीनेत शिक्षक म्हणून पाठवले. तिथे एके दिवशी उसैद बिन हुजैर भाला घेऊन रागाने चालून आले. मुसअब (रजि.) यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढीच विनंती केली की थोडे बसून ऐकून घ्या, पटले तर ठीक, नाही पटले तर आम्ही थांबतो. उसैद यांनी भाला जमिनीत रोवला, ते बसले, त्यांनी ऐकले आणि त्याच बैठकीत ते मुसलमान झाले. उहुदच्या मैदानात मुसअब (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्यासाठी जी चादर मिळाली ती डोके झाकले तर पाय उघडे ठेवत होती आणि पाय झाकले तर डोके. दावतीने त्यांना काय दिले, याचा हिशेब कपड्यांत करता येत नाही.

आणि खुद्द नबी (सल्ल.) यांचा ताईफचा प्रवास कोण विसरेल? सोबत फक्त हजरत जैद (रजि.). गावाने ऐकले नाही, उलट पोरांना मागे लावून दगड मारले, पायातून रक्त वाहिले. त्या थकलेल्या घडीला एका मळ्यात अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाने द्राक्षांचे ताट पुढे केले. प्यारे नबी (सल्ल.) यांनी त्याचे गाव विचारले. तो निनव्याचा निघाला, म्हणजे हजरत यूनुस (अलै.) यांच्या गावचा. अख्ख्या वस्तीने नाकारलेल्या त्या दिवशी एका परक्या गुलामाशी आपुलकीचे बोलणे झाले. ताईफच्या लोकांसाठी बददुआ तर नाहीच, उलट त्यांच्या पुढच्या पिढ्यांकडून आशा ठेवली गेली. सब्र म्हणजे दात-ओठ खाऊन गप्प बसणे नव्हे, हे आपण इथून शिकतो.

ही वाट आपल्या मातीला नवी नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी नावाने हे शहर वसवले, त्याच्याही सुमारे तीनशे वर्षे आधी दिल्लीहून अल्लाहचे काही बंदे इकडे आले. हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे शिष्य हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) हे त्यांपैकी एक. १३३७ साली त्यांचे निधन झाले आणि ते खुलदाबादला विसावले. त्यांच्यानंतर हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.) यांनी ते काम पुढे चालवले. त्यांच्याच आवारात पुढे १७०७ मध्ये बादशाह औरंगजेब यांना साध्या मातीच्या कबरीत दफन केले गेले. दिल्लीची भाषा, हवा, नातलग सोडून दख्खनमध्ये आलेल्या या माणसांना इथले काहीच ओळखीचे नव्हते. तरी ते परत गेले नाहीत.

शहरातली पाणचक्की आपण पाहुण्यांना दाखवतो, मुलांना रविवारी फिरायला नेतो. ती कशासाठी होती, हे मुलांना सांगतो का? मध्य आशियातून आलेले नक्शबंदी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर (रह.) यांची ती खानकाह. उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून तिथे आणले गेले आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरू लागले. खानकाहीत राहणाऱ्या फकिरांचे, येणाऱ्या-जाणाऱ्या मुसाफिरांचे धान्य त्यावर दळले जाई. दीन सांगणाऱ्यांनी आधी पाण्याची आणि पिठाची सोय केली. आज तीनशे वर्षांनंतर त्यांचे एकही बयान कोणाला तोंडपाठ नसेल, पण तो हौद आणि ते जाते अजून उभे आहे. खिदमतीची उमर बोलण्यापेक्षा मोठी असते.

हीच गोष्ट आपल्या पिढीने लिंबेजळगावला पाहिली. २४ ते २६ फेब्रुवारी २०१८ या तीन दिवसांत वाळूजच्या पुढे त्या माळरानावर इज्तेमा झाला. देश-विदेशातून अफाट जनसागर लोटला. त्याआधी कित्येक आठवडे आपल्या शहरातली, आसपासच्या गावांतली मुले काम संपले की तिकडे जात होती. कोणी काटे-दगड वेचले, कोणी मंडपाचे बांबू रोवले, कोणी नळ जोडले, कोणी रस्त्यावर उन्हात उभे राहून वाहतूक सांभाळली. त्या मुलांना मंचावर बसायला मिळाले नाही आणि त्यांची नावे कुठे छापून आली नाहीत. तरीही त्यांच्यापैकी कोणालाही आज विचारा, ते दिवस आठवून त्याचा चेहरा खुलतो. बयान कोणते झाले हे त्याला कदाचित सांगता येणार नाही, पण आपण किती हंडे भरले हे तो सांगेल.

दोनच वर्षांनी परीक्षाही आली. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजचे नाव कोरोनाशी जोडले गेले आणि काही आठवडे जमातीत गेलेला प्रत्येक माणूस संशयित ठरला. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. परदेशातून आलेल्या साथींवर गुन्हे दाखल झाले, त्यांत अहमदनगर जिल्ह्यातली प्रकरणेही होती. त्यांचा निकाल आपल्याच शहरात लागला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी, २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. संकटाच्या काळात कोणाला तरी बळीचा बकरा बनवले जाते आणि इथे या पाहुण्यांची तशी निवड झाल्याचे दिसते, असे न्यायालयाने नमूद केले. अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या परंपरेचीही न्यायालयाने आठवण करून दिली.

त्या काळात बरे झालेल्या अनेक साथींनी अनोळखी रुग्णांसाठी आपला प्लाझ्मा दिला. शिव्या खाल्लेल्या माणसाने त्याच शहरातल्या परक्या रुग्णासाठी दवाखान्यात जाऊन हात पुढे करावा, ही गोष्ट एका दिवसात साधत नाही. गश्तीत चार बंद दारे पाहून शांत राहायला शिकलेल्या माणसालाच ती जमते.

इथपर्यंत वाचून आमच्या भगिनी म्हणतील, हे सगळे खरे, पण आमच्या प्रश्नाचे काय? त्याकडेच येतो.

जमात परतली की मशिदीत कारगुजारी होते. किती गावे झाली, किती गश्ती झाल्या, कुठे काय अडचण आली, किती जण पुढच्या जमातीसाठी तयार झाले, हे सांगितले जाते. हा चांगला रिवाज आहे. पण त्या चाळीस दिवसांची आणखी एक कारगुजारी असते, ती कोणी ऐकत नाही. मधल्या काळात धाकट्याला ताप आला तेव्हा रात्री दवाखान्यात कोण घेऊन गेले? शाळेची फी कशी भरली? घरमालक भाड्यासाठी आला तेव्हा दारात कोण उभे राहिले? सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर कोणी दिल्या? आपल्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तेही कधी अपरात्री. त्या रात्री मोटार लावून, टाकी, ड्रम, हंडे भरत कोण जागले? बाहेर गेलेल्याने चाळीस दिवस अल्लाहच्या वाटेत लावले, हे खरे. घरात राहिलेलीनेही तेच चाळीस दिवस लावले. फरक एवढाच की तिचा बिस्तर बांधून कोणी दुआ देऊन निरोप दिला नाही.

या बाबतीत नबी (सल्ल.) यांची सीरत किती नाजूक आहे पाहा. हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) आणि त्यांचे काही तरुण सोबती दीन शिकायला मदीनेत आले. वीस दिवसांच्या आसपास राहिले. कोणी तक्रार केली नव्हती. तरी नबी (सल्ल.) यांनी ओळखले की या मुलांना घरची ओढ लागली आहे. त्यांनी विचारपूस केली की मागे घरी कोण कोण आहे, आणि मग त्यांना परत पाठवले, ते असे सांगून की घरच्यांत राहा आणि जे शिकलात ते त्यांना शिकवा. म्हणजे शिकलेल्याचे पहिले ठिकाण घर ठरले. घर हे दावतीच्या कामातला अडथळा नाही, त्या कामाचे पहिले गाव आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतली गोष्टही प्रसिद्ध आहे. रात्रीच्या फेरीत त्यांनी एका स्त्रीचा पतीच्या विरहाचा शोक ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली कन्या, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले की स्त्री पतीवाचून किती काळ राहू शकते. त्यांच्या उत्तरावरून मोहिमेवर गेलेल्या पुरुषांना घरी पाठवण्याची मुदत ठरवली. खलीफाने राज्याचा नियम एका घरातल्या स्त्रीचा आवाज ऐकून केला. आपण मशवऱ्यात लहान मुलाचेही मत विचारतो, तर निघण्यापूर्वी घरातल्या मशवऱ्यात पत्नीचे मत का विचारू नये?

आणि हजरत आयशा (रजि.) यांनी घरातल्या नबींचे (सल्ल.) जे वर्णन केले आहे ते आपण अनेकदा ऐकतो. ते घरच्या कामात हात लावत, आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत, कपडा शिवत, आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ज्यांच्या खांद्यावर साऱ्या मानवजातीची दावत होती त्यांना घरात झाडू-पाणी करायला वेळ होता.

म्हणून आम्ही काही गोष्टी सुचवतो. जमातीतले जुने, जाणते साथी हेच सांगत आले आहेत, आम्ही फक्त एका ठिकाणी मांडतो आहोत.

निघण्यापूर्वी: घरखर्च पूर्ण दिवसांचा ठेवून निघावे, आणि तो हातात द्यावा, ‘पाहू, अल्लाह मालिक आहे’ असे म्हणून टाळू नये. ज्यांचे पोट आपल्यावर अवलंबून आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा म्हणून पुरेसा आहे, अशा आशयाची हदीस आहे. कर्जदाराला भेटून मुदत ठरवावी. आई-वडील आजारी असतील आणि दुसरे कोणी बघणारे नसेल, तर त्यांची खिदमत हेच त्या दिवसांचे काम समजावे. प्रसूती, परीक्षा, ऑपरेशन यांच्या तारखा पाहून आपली तारीख ठरवावी. आणि पत्नीला फक्त कळवू नये, विचारावे. विचारलेल्या माणसाचा सब्र वेगळा असतो.

बाहेर असताना: घरी फोन करावा, पण सूचना देण्यासाठी नाही. ‘नमाज पढलीस का’ याच्या आधी ‘जेवलीस का’ हे विचारावे. तालीममध्ये ऐकलेली एखादी गोष्ट मुलांना त्यांच्या भाषेत सांगावी. चाळीस दिवसांत वीस गोष्टी झाल्या तरी मुलांना वाटेल की अब्बा जिथे गेले आहेत तिथून आपल्यासाठी रोज काहीतरी येते.

परतल्यावर: पहिल्या रात्री आपली कारगुजारी सांगण्यापूर्वी घरची कारगुजारी ऐकावी. सगळी, मध्ये न बोलता. अम्मीची, पत्नीची, मुलांची. आणि मग मशिदीत शिकलेले एक काम घरात कायमचे उचलावे. एकच, पण कायमचे. दहा साथींचे कांदे चिरणाऱ्याला घरच्या चार माणसांचे चिरता येतात. मशिदीत तहज्जुदला उठायची सवय झालेल्याला नळाला पाणी यायची रात्र सांभाळणे अवघड नाही. ड्रम भरेपर्यंत दोन रकातही होतात. मुलाने हाक मारली, ‘अब्बा, पाणी आलंय,’ आणि अम्मीची झोप मोडली नाही, तर त्या घरात दावत पोहोचली असे समजायला हरकत नाही.

भगिनींनाही एक सांगावेसे वाटते. दावतीचा आनंद पुरुषांची मक्तेदारी नाही. मस्तुरातच्या जमाती मेहरमसोबत निघतात, बायका परद्याच्या सोयीच्या एखाद्या घरात उतरतात आणि पुरुष मशिदीत. तीन दिवस का होईना, स्वतःच्या चुलीपासून दूर, पाच-सहा बहिणींसोबत बसून शिकण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्या तो विसरत नाहीत. जिला ते शक्य नाही तिने घरात रोज पंधरा मिनिटांची तालीम लावावी. मगरिबनंतर टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, आणि घरातले सगळे एका चटईवर. वाचायची पाळी मुलांना द्यावी. अडखळत वाचणारे पोर महिन्याभरात सरळ वाचू लागते, आणि ते पाहताना आईला जो आनंद होतो तो त्याच जातीचा आहे, जो तिच्या पतीला दूरच्या गावात एखाद्या म्हाताऱ्याला कलिमा नीट म्हणताना ऐकून झाला होता.

शेजाऱ्यांचाही यात हक्क आहे. आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत वेगवेगळ्या धर्मांची माणसे राहतात. ती आपले बयान ऐकायला येत नाहीत. ती आपला जिना पाहतात, आपली गाडी कुठे लावली ते पाहतात, आपण उधारी कधी फेडतो ते पाहतात, बायको-मुलांशी आपण कोणत्या आवाजात बोलतो ते भिंतीपलीकडून ऐकतात. जमातीहून आलेला माणूस आधीपेक्षा बरा वागतो, एवढे त्यांच्या लक्षात आले तरी पुष्कळ झाले. कोणी विचारले तर मराठीत, त्याला कळेल अशा शब्दांत, आपले म्हणणे सांगता यायला हवे. मराठीत कुरआनचे अनुवाद उपलब्ध आहेत, निदान एक प्रत घरात असावी आणि ती आपण स्वतः वाचलेली असावी. अल्लाहने हजरत मूसा (अलै.) आणि हजरत हारून (अलै.) यांना फिरऔनसारख्या जुलमी माणसाकडे पाठवतानाही मऊ बोलण्याची ताकीद दिली होती. आपला शेजारी फिरऔन नाही, आणि आपण मूसा (अलै.) नाही. मग आपल्याला कठोर बोलण्याची मुभा कुठून आली?

दावतीच्या वाटेवर आनंद आहे, यात शंका नाही. तो येतो कारण तिथे माणूस थोडक्यात भागवतो, दुसऱ्याची भांडी घासतो, नकार पचवतो आणि रोज काहीतरी शिकतो. यातले एकही काम असे नाही जे उंबरठ्याच्या आत करता येत नाही. चाळीस दिवस ही त्याची तालीम आहे. उरलेले सव्वातीनशे दिवस ते करून दाखवायचे आहेत, आणि त्याची साक्ष घरचे देतील. अल्लाह तआला आपल्या घराघरांतून निघणाऱ्यांच्या नियतीत इखलास देवो, मागे राहणाऱ्यांच्या मेहनतीचा पुरेपूर बदला देवो आणि दोघांनाही एकाच दस्तरखानावर समाधानाने बसवो. आमीन.